वरची रेघ लांब की खालची

नगमाच्या बोटांना तीन लिप्या येत होत्या. अकोटच्या बसस्टँडामागं टायपिंगचा एक क्लास होता, तिथं सकाळी ती पोरींना मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शिकवायची. कापसाचा हंगाम लागला की दुपारी उत्तमरावांच्या जिनिंगमध्ये ऑफिसची पत्रं टाईप करायची. आणि घरी, खिडकीशी ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर, लग्नाच्या उर्दू पत्रिका करून द्यायची.

या पत्रिकांमुळंच तिच्यात आणि तिच्या वडिलांत एक गोष्ट न बोलता राहून गेली होती. नबीभाई कातिब होते. बोरूची कलम आणि काळी शाई घेऊन चाळीस वर्षं त्यांनी अकोटपासून अचलपूरपर्यंतच्या पत्रिका लिहिल्या. नुसतं ‘नून’ हे एक अक्षर बघून माणसं सांगत, हा नबीभाईंचा हात. मग कॉम्प्युटर आला, आणि तोही दुसऱ्या कुणी नव्हे, त्यांच्याच लेकीनं घरात आणला. पहिल्यांदा तिनं एका दुपारीत दहा पत्रिका केल्या, तेव्हा नबीभाईंनी एक हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "चांगली झाली बेटा." दुसऱ्या दिवशी त्यांचं कलमदान कपाटाच्या वर गेलं. भांडण झालं असतं तर बरं, असं नगमाला कितीदा वाटलं. पण नबीभाई भांडणारे नव्हते. ते अधूनमधून एखाद्या दुकानाची पाटी रंगवत, बाकी वेळ दाराशी खुर्ची टाकून बसत.

त्यात तिच्या हाती एक चायना मोबाईल आला. तिचा भाऊ तौहीद बसस्टँडवर मोबाईल दुरुस्त करायचा. विटेएवढा एक फोन त्याच्याकडं आला होता, आवाज असा की बँडवाल्यानं लाजावं. दुरुस्तीच्या नादात त्यातली इंग्रजी गेली आणि सगळा कारभार चिनी अक्षरांत सुरू झाला. तौहीदनं चार दिवस डोकं लावलं, पण इंग्रजी काही परतली नाही. गिऱ्हाइकानं फोन नको म्हटलं.

"आपा, तुले लिप्यायचा शौक हाये ना," तौहीद म्हणाला. "घे. तूच सांभाळ याले."

फोन लावायला आणि उचलायला अक्षरं लागत नाहीत, म्हणून नगमा तो वापरू लागली. एकदा तिच्या ध्यानात आलं की एक ते पाच या बटणांवर आकड्याशेजारी बारक्या रेघा छापल्या आहेत. एकावर आडवी रेघ. दोनवर उभी. तीनवर डावीकडं खाली येणारा फटकारा. चारवर ठिपका. पाचवर कोपऱ्यात मोडलेली रेघ. तिनं एक दाबून दोन दाबलं, तर पडद्याच्या तळाशी अक्षरांची एक ओळच उभी राहिली, सगळी आडव्या-उभ्यानं सुरू होणारी. तिला एकदम उमगलं. उच्चार माहीत नसला तरी चालतो इथं. अक्षर हातानं जसं लिहितात, त्याच क्रमानं रेघांची बटणं दाबत जायचं, की ते अक्षर आपण होऊन समोर येतं.

मग तिला छंदच लागला. बॅटरीच्या पाठीवरची अक्षरं, खेळण्याच्या खोक्यावरची अक्षरं, जे दिसेल ते ती रेघारेघांनी फोनमध्ये उतरवायची. क्रम चुकला तर अक्षर येत नसे, मग पुन्हा करायचं. आधी वरचं, मग खालचं. आधी डावं, मग उजवं. हे तिचं तिलाच सापडत गेलं. अर्थ एकाचाही माहीत नव्हता. पण अक्षर उमटलं की गुंता सुटल्यासारखं बरं वाटायचं.

तो दोन हजार आठचा हंगाम होता. त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव पेपरात आलं की माणसं आधी मनाची तयारी करत आणि मग बातमी वाचत. पण डिसेंबर लागला तसा कापूस घरात आला होता आणि उत्तमरावांच्या जिनिंगचं अंगण गाड्यांनी भरलं होतं. त्यांनी त्याच वर्षी गुजरातेतल्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधून रुईच्या गाठी बांधायचा चिनी प्रेस घेतला होता. जुना, पण तब्येतीनं दणकट. महिनाभर तो हत्तीसारखा चालला.

एका मंगळवारी नगमा जिनिंगमध्ये पोचली तर सगळीकडं चिडीचूप. प्रेस बंद होता. प्रेस बंद म्हणजे रुई साचली, रुई साचली म्हणजे सरकी काढणारे रेचे थांबले, रेचे थांबले म्हणजे अंगणातल्या गाड्या जागच्या जागी. बैल सोडून शेतकरी गाड्यांच्या सावलीत बसले होते. प्रेसच्या पॅनेलवरच्या लहानशा पडद्यावर तीन लाल अक्षरं तेवढी लुकलुकत होती.

प्रेस चालवणारा शालिकराम घामाघूम होऊन उभा होता. वीस वर्षं त्यानं याच जिनिंगमध्ये काढली होती, आणि यंत्र त्याचं ऐकत नाही ही गोष्ट त्याला घरच्या माणसानं उलट बोलल्यासारखी लागायची.

"तेल पाह्यलं, पट्टे पाह्यले, फ्यूज पाह्यला," तो सांगत होता. "सगळं बराबर हाये."

"मंग बंद कावून पडलं?" उत्तमराव म्हणाले.

"थे त्यालेच इचारा ना शेठ. लिवलं तं हाये त्यानं, लाल अक्षरात. वाचता येते का कोनाले?"

गुजरातच्या माणसानं फोनवर हात झटकले होते. यंत्राच्या पुस्तकाच्या पाठीवर चीनमधल्या कारखान्याचा एक मोबाईल नंबर होता. उत्तमरावांनी जिवावर उदार होऊन तो लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला. उत्तमराव ओरडले, "हलो! प्रेस! प्रेस बंद! स्टॉप!" बाई काहीतरी बोलली, उत्तमराव आणखी ओरडले, बाईनं फोन ठेवला. मोठ्यानं बोललं की परकी भाषा कळते, असा त्यांचा समज होता. तो तिथं खोटा ठरला.

नगमा पॅनेलसमोर जाऊन उभी राहिली. तिनं ती अक्षरं निरखून पाहिली आणि पेन्सिलीनं कागदावर काढून घेतली. मग म्हणाली, "काका, मी लिहून पाहू का त्यायले?"

"काय लिवशीन?"

"हेच. जसं दिसते तसं."

शालिकराम हसला. "बाई, हे का टायपिंगचा क्लास हाये का?"

"असू दे शालिकभाऊ. बंद तं हायेच. माह्यानं आनखी बंद थोडीच होनार हाये?"

तिनं पर्समधून तो विटेएवढा फोन काढला. पहिलं अक्षर सोपं निघालं. ठिपका, उभी, मोडलेली. चार, दोन, पाच. एक रिकामी चौकट पडद्यावर आली, अगदी समोरच्यासारखी. तिसरं सहा बटणांचं होतं, तेही दुसऱ्या झटक्यात जमलं. मधल्याला मात्र वेळ लागला. आडवी, आडवी, उभी, डावा फटकारा, उजवा फटकारा, तोही ठिपक्याच्याच बटणानं. क्रम बरोबर होता, पण तळाच्या ओळीत दोन अक्षरं आली आणि दोन्ही तिला सारखीच वाटली. तिनं पहिलं घेतलं. तीन अक्षरं, बाकी काही नाही. पुस्तकावरचा नंबर टाकून तिनं मेसेज पाठवला.

सगळे फोनभोवती जमले. पाच मिनिटांनी त्यानं बँडसारखा आवाज केला. उत्तर आलं होतं, चांगलं दोन ओळींचं, सगळं चिनीत. सुरुवातीला एकच अक्षर दोनदा लिहिलेलं होतं, जशी कुणाला हाक मारावी तसं.

"आलं ना उत्तर!" उत्तमराव म्हणाले. "काय मनते?"

"थे मले कसं कळीन काका? मले लिवता येते, वाचता नाही येत."

शालिकरामानं कपाळाला हात लावला. "असी विद्या म्या जलमात नाही पाह्यली."

आता नगमाला लाज वाटली, पण माघार घ्यायची नव्हती. चिनी फोनवर इंग्रजी अक्षरं काढायचं एक बटण होतं, ते तिला ठाऊक होतं. तिनं सरळ लिहिलं: मी भारतातून लिहिते आहे. मला चिनी येत नाही. कापसाच्या प्रेसच्या पडद्यावर हे दिसतं आहे. याचा अर्थ काय?

या वेळी उत्तराला वेळ लागला. आलं ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत होतं. नगमानं ते मनात जुळवून मोठ्यानं सांगितलं: "माफ करा. तुम्ही कुणाच्या तरी आजी आहात असं मला वाटलं. दार बंद नाही. असा अर्थ आहे. माझं नाव चेन."

"आजी?" उत्तमराव म्हणाले.

"थे जाऊ द्या," शालिकराम म्हणाला. "दार बंद नाही? चारी दारं लावेल हायेत. म्या सोता लावले. तुह्या चेनबाईले सांग, येऊन पाह्य मनावं."

तो खरं बोलत होता. प्रेसला चार बाजूंनी चार लोखंडी दारं होती आणि चारही घट्ट होती. नगमानं तसं कळवलं. चेननं विचारलं: पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक अक्षर आहे का? लहान असेल.

नगमा पडद्याला नाक लावून उभी राहिली. होतं. लाल अक्षरांच्या झगमगाटात कुणाला दिसलं नव्हतं, मुंगीएवढं, आणि वर तेलाचा डाग. तिनं रुमालानं पुसलं. फटकारा, फटकारा, आडवी, उभी, मोडलेली, आडवी. तीन, तीन, एक, दोन, पाच, एक. पाठवलं.

"मागं," तिनं उत्तर वाचलं. "मागच्या दाराच्या आत, बिजागरीपाशी, लोखंडाची एक लहान जीभ आहे. दार लागलं की ती दबते. ती दबली नाही तर यंत्राला वाटतं, दार उघडं आहे. साफ करा."

शालिकराम टॉर्च घेऊन मागं गेला. जरा वेळानं आतून त्याचा हात बाहेर आला आणि त्यात रुईच्या बारीक तुसाचा एक गोळा होता, तेलानं आणि धुळीनं घट्ट झालेला, नमद्यासारखा. तो त्या जिभेमागं जाऊन बसला होता. शालिकरामानं दार लावलं. आतून खट्ट असा आवाज आला. लाल अक्षरं गेली. त्यानं बटण दाबलं आणि प्रेसनं असा दणका दिला की ऑफिसातल्या खिडकीच्या काचा हलल्या.

अंगणातले शेतकरी उठले आणि बैल जुंपू लागले. कुणीतरी ओरडलं, "चाललं रे बाप्पा!" शालिकराम हात पुसत नगमापाशी आला.

"बाई, तुह्या डोयाले मानलं," तो म्हणाला. "म्या महिन्यापासून त्या पडद्यासमोर उभा हावो, थे बारकं अक्षर मले नाही दिसलं."

"तुमाले जीभ तं सापडली ना," नगमा म्हणाली. "मी असती तं हात घालाची हिंमत नसती झाली."

दोघांनी मिळून चहा घेतला. शालिकरामानं आपल्या कपातला अर्धा चहा उगीचच तिच्या कपात ओतला.

संध्याकाळी घरी जेवताना तिनं सगळं सांगितलं. घरात बापलेक उर्दूत सुरू करत आणि वऱ्हाडीत संपवत, तसंच त्या दिवशी झालं. नबीभाई ऐकत होते, पण ‘आजी’पाशी येऊन थांबले.

"तुले आजी कावून मनलं तिनं?"

नगमालाही तेच विचारायचं होतं. जेवण झाल्यावर तिनं चेनला विचारलं. चेनचं उत्तर तीन मेसेजांत आलं. तिनं लिहिलं होतं: आम्ही तरुण माणसं उच्चारानं टाईप करतो. इंग्रजी अक्षरांत आवाज लिहितो, फोन त्या आवाजाची अक्षरं दाखवतो, आम्ही निवडतो. म्हणून आमच्या चुका आवाजाच्या असतात. तुमची चूक रेघेची होती. तुम्ही ‘नाही’ ऐवजी ‘शेवट’ लिहिलं. दोघांचे उच्चार अगदी वेगळे आहेत, पण रेघा त्याच. अशी चूक फक्त माझी आजी करते, कारण तिला उच्चारानं टाईप करता येत नाही, ती रेघांनी करते. मला वाटलं, कुणाची तरी आजी घराचं दार लावायचं विसरून बाहेर पडली आहे आणि चुकीच्या नंबरवर मेसेज करते आहे. म्हणून मी लिहिलं होतं, आजी, आजी, घाबरू नका, मुलाला फोन करा.

नगमा हसत सुटली. नबीभाईंनी फोन मागितला.

"दाखव ते दोनी अक्षरं."

तिनं दोन्ही शेजारी शेजारी काढली: 未 आणि 末. नबीभाईंनी चष्मा लावला. एक क्षणही गेला नाही.

"हे आन हे सारखं दिसलं तुले?" ते म्हणाले. "बेटा, याच्यात खालची रेघ लांब हाये. याच्यात वरची. पडद्यावर कोनती होती?"

नगमानं पेन्सिलीनं काढलेला कागद आणला. तिच्या हातानं खालची रेघ लांब काढली होती. डोळ्यांनी बरोबर पाहिलं होतं, हातानं बरोबर काढलं होतं. घाई केली ती निवडताना.

"एका नुक्त्यानं, एवढ्याशा ठिपक्यानं, खुदाचा जुदा होते," नबीभाई म्हणाले, "हे तुले मी लहानपनी सांगलं होतं." पण आवाजात रागाचा लवलेश नव्हता. ते त्या अक्षराकडं बघत राहिले. मग बोटानं हवेत त्यांनी ते लिहिलं. आडवी, आडवी, उभी, आणि मग दोन फटकारे, कातिबाच्या हातचे, शेवटाला बारीक होत जाणारे. "हे टायपिंग हाये का?" ते म्हणाले. "हे तं लिवनं हाये. बटनं दाबाचे, पन डोक्यात हात चालला पाह्यजे."

"तेच तं मी सांगून राह्यली अब्बा."

"मले कावून नाही सांगलं आधी?"

नगमानं कपाटावरच्या कलमदानाकडं पाहिलं. नबीभाईंचीही नजर तिकडं गेली, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आठवड्यानं उत्तमरावांनी सांगितलं की पॅनेलवरच्या एकूण एक बटणाचा अर्थ लावून टाक, म्हणजे पुन्हा अंगणात गाड्या अडायला नकोत. साठेक अक्षरं होती. नगमा म्हणाली, "अब्बाले घेऊन येते." रविवारी प्रेस बंद असे. बापलेक दोघं जिनिंगमध्ये गेले. शालिकरामानं नबीभाईंसाठी खुर्ची आणली, पण ते बसले नाहीत. पॅनेलसमोर उभे राहून ते एकेक अक्षर डोळ्यांनी उलगडत आणि तोंडानं सांगत, "आडवी. उभी. ठिपका. थांब, हा ठिपका नाही, हा फटकारा हाये, आखूड हाये एवढंच." नगमा बटणं दाबत जाई. क्रम सुरुवातीला ती सुचवे. दुपारपर्यंत तेच तिला सुधारू लागले.

अक्षरं चेनकडं जात आणि तिकडून अर्थ येत. वर. खाली. तेल. दाब. थांबवा. ‘वर’ म्हणजे रेघेवर उभं राहिलेलं काहीतरी, ‘खाली’ म्हणजे रेघेखाली लोंबणारं. शालिकराम ते पाहून खूश झाला. "हे तं मलेबी आलं," तो म्हणाला, आणि दिवसभर येईल त्याला त्यानं ती दोन बटणं वाचून दाखवली.

मधेच चेननं लिहिलं: आज तुमच्या एकाही अक्षरात चूक नाही. शिक्षक मिळाला का?

नगमानं कळवलं, माझे वडील. ते हातानं लिहितात.

चेनचं उत्तर आलं: त्यांना नमस्कार सांगा. आमच्या ऑफिसात आम्ही सगळे दिवसभर चिनी टाईप करतो, पण पेन हातात दिलं की अर्धी अक्षरं आठवत नाहीत. परवा ‘शिंक’ लिहायला मी फोन उघडून पाहिला.

नगमानं ते वाचून दाखवलं, तेव्हा नबीभाई म्हणाले, "म्हंजे तिकडंबी असंच हाये." आणि त्या परक्या मुलीविषयी त्यांना इतकं वाईट वाटलं की सारखे म्हणत राहिले, "लिवत जाय मनावं तिले. रोज एक पान. हात इसरत नाही, फक्त रुसते."

अर्थ सगळे मिळाल्यावर ते पॅनेलवर लावायचे कसे, हा प्रश्न आला. नगमा म्हणाली, "मी टाईप करून प्रिंट काढते, चिकटवून देऊ."

"तेलात किती दिस टिकन थे?" शालिकराम म्हणाला. "आठ दिसात निंघून जाईन."

नबीभाईंनी पॅनेलवरून हात फिरवला. "पेंटनं लिवतो मी," ते म्हणाले. "मराठीत. पांढऱ्या रंगानं."

त्यांनी तीन रविवार घेतले. एकेका बटणाखाली बारीक ब्रशनं त्यांनी नावं घातली, एकही न सोडता. त्यांच्या मराठी अक्षरांना उर्दूचा डौल होता. ‘दाब’मधला ‘ब’ जरा मागं रेलून बसला होता. उत्तमरावांनी अकोल्याच्या दोन जिनिंगवाल्यांना मुद्दाम बोलावून पॅनेल दाखवलं. त्यातल्या एकाकडं तसाच प्रेस होता, फक्त नवा, आणि त्यावर दोनशे अक्षरं.

त्या जिनिंगमध्ये जायला बापलेक जानेवारीतल्या एका सकाळी अकोट–अकोला एसटीत बसले. नबीभाईंच्या मांडीवर ब्रशांची पेटी होती. खिडकीबाहेर तुरीच्या गंज्या लागल्या होत्या आणि हरभरा घाट्यावर आला होता. चायना मोबाईल तेवढ्यात वाजला, अख्ख्या बसनं मान वळवली. चेननं लिहिलं होतं की त्यांचं नवीन वर्ष जवळ आलं आहे, ती सुट्टीला आजीकडं निघाली आहे आणि आगगाडीत बसायला जागा मिळाली आहे.

"तिले काय लिवू?" नगमानं विचारलं.

"आन इकडं," नबीभाई म्हणाले. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि चेनच्या पहिल्या मेसेजातलं ‘आजी’ लिहायला जाड अंगठ्यानं सावकाश रेघांची बटणं दाबायला लागले. बस हिंदकळली की त्यांचा क्रम चुके, मग ते सगळं पुसून पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरू करत. नगमानं मदतीला हात पुढं केला, तो त्यांनी कोपरानं बाजूला सारला.

"राहू दे," ते म्हणाले. "मले घाई नाही."